कंपनीच्या बांगड्या

“ताई, जरा थकल्यासारखं करा ना,” दिग्दर्शक पुन्हा म्हणाला, तेव्हा रूपाबाईला हसूच आलं. सकाळपासून हाताला पोत्याचे तुकडे गुंडाळून ती हळकुंडं घासत होती. थकण्याचं नाटक आणखी वेगळं कसं करतात, तिला काय ठाऊक! शेवटी त्या पोराने तिच्या कपाळावर बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि म्हणाला, “आता कसं खरं वाटतंय!”

विजेची यंत्रं बनवणारी ती कंपनी पुण्याची. डोंगरकडा गावात, रूपाबाई कामाला होती त्या संतरामच्या शेडमध्ये, त्यांची हळद घासायची नवी मशीन आली होती आणि तिची जाहिरात टीव्हीवर लागणार होती. आधी घाम गाळणारी बाई दाखवायची, मग तीच बाई नटूनथटून मशीनला हळद-कुंकू लावते, बटण दाबते आणि हसते. एवढीच काय ती गोष्ट. पण संतरामने कालच बायांना सांगून टाकलं होतं, की पुढच्या हंगामात मशीनपाशी एकच बाई लागेल. कंपनीवाले जिला बटणं शिकवतील तिला ठेवीन, बाकीच्यांनी आपापलं बघावं. आणि कंपनीवाल्यांनी बोट दाखवलं ते रूपाबाईकडे.

मेकअपवाली आकांक्षा हिरव्या बांगड्या आणि टिकल्यांचं पाकीट घेऊन आली, तसे रूपाबाईने दोन्ही हात पदराआड घेतले. तिचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. पुण्याच्या पोरीला हे कोण सांगणार? शेजारी बसलेली भिकाबाई तिची थोरली जाऊ. तिने कोपर मारलं.

“सांग की तिला.”

“सांगितलं तर दुसरीला घेतील, बाई.”

“मंग घेऊ दे.”

“अन् दिपाचं कालेज? पोरगी हिंगोलीला शिकून राहिली, तिला माघारी बोलवू का?” रूपाबाई कुजबुजली आणि तिने हात पुढे केला. संतरामने एकदा तिच्या मनगटांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्याला सगळं माहीत होतं.

काम करून करून हात जाड झाले होते. आकांक्षाने साबण लावून, बोटं दाबून एकेक बांगडी चढवली. दुखलं. पण त्या मनगटावर किणकिणल्या आणि रूपाबाईचा जीव खुळ्यासारखा हरखला. त्या हरखण्याची तिला लाजही वाटली. आकांक्षाने तिच्या कपाळावर टिकली लावली आणि मोबाइल आरशासारखा तिच्यासमोर धरला. त्यात एक ओळखीची बाई होती. रूपाबाईने तिच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली.

“किती छान दिसता ताई! रोज का नाही घालत?”

रूपाबाई उठून मशीनकडे गेली.

गाडीवरचा जनरेटर धडधडू लागला. तिने मशीनला हळद लावली, कुंकू लावलं, बटण दाबलं. ड्रम फिरला. “आता माझ्या हातांना आराम!” हे शिकवलेलं वाक्य ती एका दमात बोलली आणि हसलीसुद्धा. दिग्दर्शक जाम खूश झाला. बांगड्यांचा आवाज काय मस्त आलाय, म्हणाला.

संतरामची आई शकुबाई घरातून शेडमध्ये आली ती नेमकी तेव्हाच. तिने एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा रूपाबाईच्या कपाळाकडे. मग फडकं ओलं केलं आणि मशीनवरचं कुंकू खसाखसा पुसून काढलं.

“निता, ताट घेऊन ये,” तिने सुनेला हाक मारली. “पूजा तू कर.”

“आई, शूटिंगपुरतं व्हतं ते,” संतराम म्हणाला.

“शूटिंग त्यायचं. मशीन आपली हाय. पयला हात कोनाचा लागला ते टीव्हीत दिसत न्हाई, मला दिसते. अन् ह्या मशीनपाशी आता रूपा नको. दुसरी कोनती बी ठेव.”

काय चाललंय ते दिग्दर्शकाला आधी कळेना. कळलं तेव्हा तो ओशाळला. आम्हाला कुणी बोललंच नाही, असं काहीसं पुटपुटला. पण सीन चांगला झाला होता, परत घ्यायची गरज नव्हती, म्हणून तो कॅमेरा बॅगेत भरू लागला. रूपाबाईने संतरामकडे पाहिलं. तो मशीनचे बोल्ट तपासत होता.

निघताना आकांक्षा बांगड्या परत घ्यायला आली. एकही निघेना. साबण लावला, तेल लावलं, हात लाल झाले.

“राहू द्या ताई, तुम्हालाच,” ती कसनुसं हसली आणि गाडीत जाऊन बसली. गाडी गेली, तिच्यासोबत जनरेटरही गेला. गावातली लाइट रात्रीशिवाय येत नव्हती, त्यामुळे मशीन गप्प उभी राहिली.

“फोड त्या आधी,” शकुबाई म्हणाली. “हितं वाजवू नको.”

रूपाबाईने दोन्ही हात भिकाबाईपुढे धरले. भिकाबाईने जवळचा दगड उचलला, जरा वेळ धरला आणि खाली ठेवला.

“येकदा मीच फोडल्या तुह्या,” ती म्हणाली. “आज मला न्हाई होनार.”

रूपाबाईने हात मागे घेतले. पुढच्या हंगामाचं काम तर गेलंच होतं. मग तिने टिकली काढून खांबाला चिकटवली, पोत्याचे तुकडे हातांना गुंडाळले आणि हळदीच्या ढिगाशी सरकली. हात भरभर चालू लागले, तशा बांगड्या वाजू लागल्या. शकुबाई एकदा ओरडली, दोनदा ओरडली, मग बडबडत घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं. बांगड्या दाराआडही ऐकू जाव्यात म्हणून दिवस मावळेपर्यंत रूपाबाईने हात थांबवला नाही.