शिरेचं काम
डायलिसिससाठी डॉक्टरांनी बाबांच्या मनगटातली धमनी शेजारच्या शिरेला जोडली. म्हणाले, "धमनीत हृदयाचा जोर थेट येतो, म्हणून तिची भिंत जाड. शिरेचं काम गुपचूप रक्त परत नेण्याचं, म्हणून ती पातळ. आता धमनीचा जोर अंगावर आला की तीही जाड होईल, सुया झेलेल. रोज हात लावून बघा, थरथर जाणवली की काळजी नाही." ते काम आईकडे आलं, आणि आपसूक बाबांचं शिवणकामाचं दुकानही. तोवर ती फक्त आतल्या खोलीत बटणं लावायची. काही महिन्यांनी एका सकाळी तिने मनगटावर बोटं टेकली. "चांगली थरथरतेय." बाबांनी तिचा हात धरून ठेवला. तिच्या अंगठ्याच्या बुडाशी त्यांच्याच अवजड कात्रीने पडलेला घट्टा पहिल्यांदाच त्यांच्या बोटांना लागला. "दुखतं का?" त्यांनी विचारलं. "आधी दुखायचं," आई म्हणाली आणि दुकान उघडायला गेली.