हातभर माती

त्र्याण्णव साली गिरगावात आमच्या परसाला लागून छापखान्यासाठी अक्षरांचे खिळे ओतायचा कारखाना होता. त्याची शिशाची राख उडून परसात पडे. तिथे टिपणाऱ्या आमच्या कोंबड्या मेल्या, तशी सासूबाईंनी कुदळ उचलली. आठ दिवस खपून त्यांनी हातभर माती खणली आणि पाटी पाटी करून कारखान्याच्या दारात नेऊन ओतली.

“काकू, एवढं काय त्यात?” मालक हसले. “माती कोण खायला बसलंय?”

मी सासूबाईंच्या मागेच उभी होते. मला तिसरा महिना होता. मी हळूच पदराने ओठ पुसले.

संध्याकाळी त्यांनी चौलहून मागवलेल्या लाल मातीचं ढेकूळ माझ्या हातावर ठेवलं.

“ही खा,” म्हणाल्या, “आणि चोरून नको.”