कोपऱ्यातली फरशी

लंकाबाईंना थापा मारायची भारी हौस. सातपूरचं जुनं राहतं घर भाड्यानं देताना त्यांनी संतोषला दोनातली एक किल्ली देऊन गंभीर तोंड करून सांगितलं होतं, "भिंतीला खिळा ठोकू नको हो, आमची भिंत कण्हते." त्या बिचाऱ्यानं तीन वर्षं कॅलेंडरसुद्धा चिकटपट्टीनं लावलं.

दिवाळीला तो बायकोला घेऊन नांदगावला गेला आणि परत आल्या आल्या त्यानं घाबऱ्याघुबऱ्या फोन केला. लंकाबाई लेकाला, हर्षलला घेऊन धावल्या. बघतात तर स्वयंपाकघरात फरशी उखडून गुडघाभर खड्डा खणलेला!

"कुलूप शाबूत आहे, आई. म्हणजे किल्ली असणाऱ्याचंच काम," हर्षल म्हणाला. "याला आजच बाहेर काढ. पोलिसात तक्रार मी देतो."

"मावशी, तुमच्या भिंतीला मी खिळा नाही ठोकला, फरशी कशाला खणू?" संतोष रडकुंडीला आला.

लंकाबाईंच्या फार जिव्हारी लागलं. याच्या बायकोचं डोहाळजेवण त्यांनी याच ओट्यावर हौसेनं रांधलं होतं. "लेकरासारखं वागवलं रे तुला, आणि तू माझंच घर खणलंस?" म्हणत त्या खड्ड्याशी वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. बाकी एकाही फरशीला धक्का नव्हता. उखडली होती ती फक्त कोपऱ्यातली, पूर्वी त्यांचा पाटा-वरवंटा असायचा त्या जागेची.



"पाट्याच्या फरशीखाली नाग सोन्याचा हंडा राखत बसलाय," ही थाप लंकाबाईंनी आयुष्यात एकालाच मारली होती... लहानग्या हर्षलला, दूधभात भरवताना.