माठातला नमुना

मुलांनो, डोळे मिटून काचेची एक बाटली बघा.

नरडाण्याकडच्या एका कारखान्यात भाईदास सांडपाण्यातला पारा तपासायचा. त्या महिन्यात पारा मर्यादेबाहेर गेला. साहेबांनी दम भरला, तशी त्याने नमुन्याच्या बाटलीत नाल्याऐवजी घरच्या माठातलं पाणी भरलं.

तळाशी पाऱ्याचा थेंब चमकला. त्याने बाटली ओतली, धुतली, पुन्हा माठातून भरली. थेंब आता बोराएवढा झाला होता.

लेक कुंदा वाकून थेंबात बघू लागली. "आबा, यामा मी दिसस. तुम्ही काबर दिसत नही?"

भाईदासने बाटलीला बूच लावलं. "काही नही बेटा. पाणी चोख शे."

"मंग पेवाले चालस?"

"चालस."

कुंदाने माठातून पेला भरला आणि बापापुढे धरला.