जांभळ्या पक्ष्यांचं कापड

दुकानांतून पोलिसांनी माझी कादंबरी पोत्यांत भरून नेली, तशी मी तणतणत कुमासीच्या बाजारात सेरवामावशीच्या कापडाच्या गाळ्यावर गेले. कादंबरीचं नाव 'मी परत जाणार नाही'. ती वाचून बायका नवरे सोडायला शिकतील, असं मंत्रिमहाशय रेडिओवर गरजले होते.

"पुस्तकच नेलं ना? नेऊ देत," मावशी म्हणाली.

आमच्या घानात नव्या कापडाला विकणाऱ्या बायकाच नाव देतात. जे तोंडानं बोलता येत नाही, ते बाई त्या नावाचं कापड नेसून बोलते. मावशीनं जांभळ्या पक्ष्यांचं नवंकोरं कापड फडकावलं आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "या कापडाचं नाव 'मी परत जाणार नाही'! घाला म्हणावं आता बंदी!"

दुपारपर्यंत निम्मा गठ्ठा संपला. मग झेंडा लावलेली मोटार थांबली आणि त्याच मंत्र्यांच्या पत्नी उतरल्या. मावशीची कात्री हातातच राहिली.

"मला 'मी परत जाणार नाही' हवंय," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "रविवारी चर्चमध्ये ह्यांच्या शेजारी बसायचंय."