डोकं उडालेला आकडा

“कोडमधल्या एका शब्दापायी आठ दिवस डोळे फोडले मी,” प्रोग्रॅम दुरुस्त करायला बसलेली मुलगी पुटपुटली. इस्पितळाचा स्कॅनची चित्रं दाखवणारा जुना प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालावा म्हणून तिच्या ऑफिसातल्या काकांनी मध्ये एक छोटा प्रोग्रॅम, दुभाष्या, लिहिला होता. कितवं चित्र हवं ही जुन्या प्रोग्रॅमची मागणी तो मशीनला कळवायचा, पण मोठ्या आकड्याचं डोकं, म्हणजे पुढचे अंक, उडवून. त्यामुळे लांबलचक तपासणीत शेवटच्या चित्रांऐवजी सुरुवातीचीच चित्रं परत यायची; दिसायला सगळी एकसारखी, कुणाला कळणार? तिने तो शब्द बदलला आणि गेल्या महिन्यात ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवलेल्या बाईंची तपासणी उघडली. शेवटच्या चित्रात वाटाण्याएवढी गाठ होती. ऑफिसचे साहेब घाईघाईने म्हणाले, “चला, झालं ना दुरुस्त! चहा सांगा.” काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “दुरुस्त पुढचं झालं, साहेब. मागच्या वर्षभरात लांब तपासणी झालेल्या सगळ्यांना परत बोलवायला हवं. चूक माझी. यादी काढा, फोन मी करतो.”