तिसरी तक्रार

नेस्टामावशींनी कादंबरी टेबलावर आपटली, तशी ग्रंथपाल मारेडनं पुस्तकांच्या कपाटाची किल्ली मुठीत घट्ट आवळली.

"तक्रारीचा अर्ज दे."

शाळेच्या ग्रंथालयाचा नियम साधा होता: तीन तक्रारी आल्या, की पुस्तक कपाटाबाहेर. या पुस्तकावर दोन आल्याच होत्या. नशेच्या गोळ्या खाणारा त्यातला सोळा वर्षांचा नायक डेयो या वेल्समधल्या दरीतल्या पोरांनी हातोहात उचलला होता. लेखकानं टोपणनाव घेतलेलं, त्यामुळे मोठ्यांच्या जिभा आणखीच सैल सुटल्या होत्या.

"मावशी, वाचलंत तरी का?" मारेडचा आवाज चढला.

"तीनदा. नुसतं चाळलं नाही."

"मग? गोळ्या काय पुस्तकातून आल्या आपल्या गावात? पोरं घरात मरतात आणि आपण चॅपेलमध्ये डोळे मिटून बसतो!"

"डोळे मिटून," मावशी म्हणाल्या. "हं."

त्यांनी पर्समधून पेपरमिंटची पत्र्याची डबी काढली. रविवारी चॅपेलच्या प्रार्थनेत उपदेशकांचं प्रवचन बोलता बोलता गाण्यात शिरलं, सूर छपराला भिडला, की हीच डबी बाकांवरून फिरायची. लहानपणी मारेडनंही त्यात कितीदा बोटं घातली होती. तळाला आजही नवाकोरा पांढरा कागद.

"घे. घसा बसेल ओरडून."

मारेडनं घेतली नाही. "डेयो आईच्या अशाच डबीत कागदाखाली गोळ्या लपवतो, तेच झोंबलं ना? ती बिचारी हिवाळाभर डबी चॅपेलला नेते, आणि तिला पत्ताच नसतो. त्या पानावर पोरं रडतात, मावशी!"

"खोट्यावर रडतात." मावशींनी डबीचं झाकण खटकन बंद केलं. "अर्ज दे म्हटलं ना?"

मारेडनं अर्ज जवळजवळ फेकलाच. मावशींनी उभ्या उभ्या लिहिला. शेवटच्या शब्दाला पेनानं कागद फाटला. मग दार धाडकन लावून त्या निघून गेल्या.

मारेडनं अर्ज ओढून घेतला.

आक्षेपार्ह पान: अर्पणपत्रिका. 'माझ्या आईला, जिला कधीच काही कळलं नाही.'

मागणी: पुस्तक राहू द्या. एवढं पान फाडा.

कारण: डबीतला कागद दर शनिवारी मीच बदलायचे.